नागपुरात घरगुती वायरिंगचं काम शिकायचं आहे? आयटीआय ते परमिट, माझा अनुभव

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागातले पोट्टे विचारायला येतात, दादा लाइटीचं काम शिकायचं आहे, कुठून सुरू करू. सगळ्यांना तेच तेच सांगून राहिलो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आयटीआयमध्ये आपल्या कामाचे ट्रेड दोन, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन, दोन्ही दोन वर्षांचे. मार्क बरे असतील तर इलेक्ट्रिशियन घ्या, कारण त्यात मोटर, ट्रान्सफॉर्मर, पॅनल हे पण शिकवतात आणि पुढे महावितरण किंवा कोराडी-खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमध्ये अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येतो. श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयला नंबर लागला तर सोडू नका. पण घरगुती कामच करायचं पक्कं असेल तर वायरमन ट्रेड अजिबात कमी नाही, घरच्या वायरिंगवर त्यात हात चांगला बसतो. काही महिन्यांचे छोटे कोर्स पण असतात, ते हेल्पर म्हणून लागायला ठीक आहेत, पण त्याच्या भरवशावर कोणाच्या घराचा बोर्ड उघडू नका.

आता जे बऱ्याच पोरांना कोणी सांगत नाही ते. आयटीआयचं सर्टिफिकेट वेगळं आणि वायरमनचं परमिट वेगळं. कायद्याप्रमाणे वायरिंगचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरने घ्यायचं, त्यावर सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख पाहिजे आणि हाताने काम करणाऱ्याकडे परमिट पाहिजे. सरकारी कागदावर ते तारतंत्री परवाना म्हणून दिसेल. सर्टिफिकेट हातात आलं की लगेच परमिटच्या मागे लागा, नंतर कामं सुरू होतात, दिवस जातात आणि ते राहूनच जाते.

शिकताना माझा सगळ्यात जास्त जोर अर्थिंगवर, म्हणजे चुकून बॉडीत आलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरवर आहे आणि त्याचं कारण आपलं नागपूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर, घराघरात पत्र्याचा कूलर, खाली पाणी, पाण्यात पंप, बाजूला ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाची वायर सोलली की पूर्ण पत्र्यात करंट येतो. अर्थिंग नीट असेल तर तो करंट जमिनीत जातो आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन बंद करणारा स्विच) ट्रिप होते, नसेल तर जो आधी हात लावेल त्याच्यातून जातो, आणि कूलरमध्ये पाणी भरायचं काम घरातल्या बाया आणि लहान पोरंच करतात. म्हणून घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवाच म्हणून गिऱ्हाइकाला सांगा. काकू म्हणतील एमसीबी आहे ना, तर समजावून सांगा की एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की पडणारा स्विच, वायरला जळण्यापासून वाचवते, माणूस वाचवायला आरसीसीबी लागते.

आणि एक गोष्ट जुन्या घरांमध्ये खूप दिसते, अर्थिंगची वायरच ओढलेली नसते म्हणून कोणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रललाच (करंट वापस नेणारी वायर) अर्थच्या पिनला जोडून देतो. टेस्ट लॅम्प लावला तर छान पेटतो, सगळं बरोबर वाटते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की कूलरची पूर्ण बॉडी २३० व्होल्टवर येते, आणि आरसीसीबी असली तरी लीकेजचा करंट न्यूट्रलनेच वापस जाते म्हणून ती ट्रिप होत नाही. म्हणून सॉकेट उघडून डोळ्याने बघा, मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा (फेज म्हणजे करंट आणणारी वायर). निस्त्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका, टेस्टरला अर्थिंग कळत नाही. उन्हाळ्यात माती वाळून भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला पण घरच्यांना सांगून या.

वायरचं गणित पहिल्या महिन्यातच पाठ करून टाका. लाइट-पंख्याला साधारण १.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसीला ४. दोन हजार वॅटचा गीझर म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, वॅटला व्होल्टने भागायचं, बस. उन्हाळ्यात एसी लावला, एमसीबी वारंवार पडते, तर मोठी एमसीबी टाकून द्या असं गिऱ्हाईक म्हणतेच. टाकू नका. वायर तीच आणि एमसीबी मोठी म्हणजे आता भिंतीतली वायर तापणार, एमसीबी गप्प बसणार. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ द्या.

आयटीआय चालू असतानाच एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली जा, सुट्टीत तरी. चांगला मिस्त्री ओळखायचा कसा, तर तो मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडत नाही, बंद केल्यावर पण मीटर लावून बघते आणि पोट्ट्याने काहून विचारलं तर चिडत नाही. भिंतीत खाचा मारून घेणारे भरपूर भेटतील, मेगर (वायरचं इन्सुलेशन, म्हणजे वरचं आवरण तपासायचं मीटर) हातात देणारा शोधा. ५०० व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशन एक मेगाओहमच्या वर येते का हे बघितल्याशिवाय नवीन वायरिंग चालू करायची नसते.

नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरची सही लागते. अशाच कॉन्ट्रॅक्टरकडे चिकटून राहा, कारण अनुभवाचं पत्र त्याच्या लेटरहेडवर मिळते आणि पुढे सुपरवायझर व्हायचं असेल तर अनुभवाचे कागदच कामी येतात. पत्रावर कामाच्या तारखा लिहून घ्या, झेरॉक्स काढून ठेवा, आणि हे काम सोडताना नाही, काम चालू असतानाच करा.