पक्ष फुटल्यानंतर आपला विश्वास कोणावर ठेवावा, हे कसे ठरवावे

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवार कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आले. त्या दोन दिवसांत सातारा-सांगलीतल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांना एकच प्रश्न पडला होता : आपण आता कोणाचे? पाटण, कोरेगाव आणि खानापूर भागातल्या शिवसैनिकांनी हाच प्रश्न वर्षभर आधी, जून २०२२ मध्ये सोसला होता. आमच्या कृष्णाकाठच्या गावात वर्षानुवर्षे पारावर शेजारी बसणारी माणसे त्यानंतर वेगवेगळ्या वेळी येऊ लागली, आणि ज्यांना कोणत्याच गटात जायचे नव्हते ते "सगळे सारखेच" असे म्हणून उठून जाऊ लागले. हे वाक्य मला फार लागते, कारण सगळे सारखे नसतात आणि ते तपासून पाहण्याची साधने आपल्या हाताशी असतात. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांपूर्वी मी जी पद्धत वापरली ती येथे सांगतो. त्यासाठी एक वही, मोबाइल आणि चार-पाच संध्याकाळी एवढेच लागते.

आधी घडलेले लिहा, मत नंतर

वहीच्या पहिल्या पानावर केवळ तारखा लिहाव्यात. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण त्यांच्या गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेले. मधल्या काळात, ११ मे २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा पदाधिकारी, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे. मात्र उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला गेला आणि अध्यक्षांनी १० जानेवारी व १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालांत दोन्ही पक्षांच्या कोणत्याही गटातील आमदाराला अपात्र ठरवले नाही.

या पानावर कायद्याची एक ओळ जोडावी. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार स्वेच्छेने पक्ष सोडणारा किंवा पक्षादेश मोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला पूर्वी असलेले संरक्षण २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. राहिली ती दोन तृतीयांशांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची सवलत. "फुटलो नाही, आम्हीच पक्ष आहोत" असे प्रत्येक गट का म्हणत होता, हे या एका ओळीवरून उलगडते. पारावरचे निम्मे वाद तारखा आणि नियम माहीत नसल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

पक्षांतराला तीन प्रश्न विचारा

पक्ष बदलला एवढ्याने माणूस दोषी ठरवायचा, तर आपल्या या दोन जिल्ह्यांत फार थोडे नेते उरतील. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दलाचे) सरकार स्थापन केले. यशवंतराव चव्हाण १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसविरुद्ध अर्स काँग्रेस या काँग्रेसच्या दुसऱ्या गटाकडून साताऱ्यातून निवडून आले आणि पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. या माणसांबद्दलचा आदर त्यामुळे संपला नाही, पण लोकांनी ते विसरलेही नाही. म्हणून पक्षांतर झाले का, यापेक्षा ते कसे झाले हे पाहावे.

पहिला प्रश्न असा की, मत मागताना सांगितलेली भूमिका आणि नंतर घेतलेली भूमिका यांत किती अंतर आहे? दुसरा, बाजू बदलताना त्यांनी मतदारांचा कौल पुन्हा घेतला का? तिसरा, कारण सांगायला ते आपल्या गावात स्वतः आले का?

दुसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून पराभूत झाले. २०२४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना भाजपचे खासदार म्हणून निवडले. त्यांचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, त्यावर बोलण्याची संधी साताऱ्याला पाच महिन्यांत मिळाली. २०२२ आणि २०२३ मध्ये बाजू बदललेल्या आमदारांच्या मतदारांना मात्र नोव्हेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले. पद सोडून पुन्हा लोकांसमोर जाणे हाच सरळ मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शपथपत्रे शेजारी ठेवून वाचा

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एकाच व्यक्तीची २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रे उघडावीत आणि चारच गोष्टी वहीत उतरवाव्यात : प्रलंबित गुन्हे, स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता, कर्जे व शासकीय देणी, आणि उत्पन्नाचा स्रोत. मालमत्ता वाढली म्हणजे गैरव्यवहार झाला असे नव्हे. जमिनीचे भाव वाढले तरी आकडा फुगतो. वाढ कशात झाली, हे पाहावे.

कामाची नोंद मागवा

खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये सुचवता येतात. आमदाराचाही स्वतंत्र निधी असतो. आपल्या तालुक्यात त्यातून कोणती कामे मंजूर झाली आणि किती पूर्ण झाली, याची माहिती जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागता येते. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्ज मोघम नसावा. "सर्व कामांची माहिती" असे न लिहिता वर्ष, गाव आणि निधीचे नाव लिहावे. बाजू बदलताना "मतदारसंघाच्या विकासासाठी" हे कारण दिले गेले असेल, तर आधीच्या दोन वर्षांची आणि नंतरच्या दोन वर्षांची कामे शेजारी मांडली की ते कारण किती खरे होते हे समजते.

आपण स्वतः कोठे बांधलेलो आहोत, हे लिहा

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक जण ती टाळतात. आपल्याकडे गट म्हणजे केवळ विचार नसतो. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, तोड वेळेवर मिळते का, सेवा सोसायटीचे कर्ज कोणाच्या शब्दाने मंजूर झाले, मुलगा कोणाच्या संस्थेत नोकरीला आहे, भावकी कोणाच्या मागे आहे, या सगळ्यातून निष्ठा विणली जाते. नेता फुटला की ही वीण ताणली जाते, आणि आपण तिलाच विचार समजून वाद घालतो. वहीच्या एका पानावर हे सर्व धागे प्रामाणिकपणे लिहावेत. ते पान कोणाला दाखवण्याची गरज नाही.

लिहिताना हक्क आणि उपकार वेगळे करावेत. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दर देणे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याचे कर्तव्य आहे, त्यामुळे वेळेवर आलेल्या बिलासाठी कोणाला मत देणे लागत नाही. ज्याची तोड संचालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याने पारावर उघड बोलावे, असा आग्रह मी धरणार नाही. त्याच्यासाठी मतदान गुप्त आहे, आणि ते गुप्तच राहते.

चिन्ह नीट पाहा

पक्ष फुटला की चिन्हे बदलतात. २०२४ मध्ये साताऱ्यात उदयनराजे सुमारे ३२ हजार मतांनी विजयी झाले. तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह असलेले शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे त्यांच्याविरुद्ध उभे होते. त्यांच्याखेरीज यंत्रावर पिपाणीच्या चित्राचा एक अपक्षही होता आणि त्याला सुमारे ३७ हजार मते पडली. त्यातली चुकून पडलेली किती, हे कोणीच मोजू शकत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना मतदानाआधी उमेदवाराचे नाव, क्रमांक आणि चिन्ह तिन्ही दाखवणे आपल्या हातात आहे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही वाचायला सांगावी.

त्याच निवडणुकीत सांगलीने काय केले, हेही वहीत असावे. महाविकास आघाडीत ही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली आणि चंद्रहार पाटील उमेदवार झाले, तरी वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. वरून ठरलेली आघाडी मतदाराला बांधून ठेवू शकत नाही, हे त्यात दिसले. घराण्याचे नावही त्यांच्यामागे होते, तेही लिहून ठेवावे.

दुसऱ्या गटातल्या एकाबरोबर वही ताडून पाहा

शेवटी, आपल्याशी पटत नाही अशा एका माणसाला बोलवावे. मी पलीकडच्या गटातल्या शेजारच्या अण्णांना बोलावले. निधीच्या कामांत मी धरलेला एक रस्ता आधीच्याच वर्षी झालेला होता, हे त्यांनी दाखवले; त्यांच्या तारखांतली एक चूक मी दाखवली. आमची मते बदलली नाहीत. आता प्रत्येक निवडणुकीनंतर निवडून आलेल्याची आश्वासने तारखेसह आम्ही एकाच पानावर लिहितो, दोघे खाली सही करतो, आणि वही सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने माझ्याकडे असते.