क्यूमेल कंपाइल करताना आलेली एररनोची एरर : माझा अनुभव

इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचा मेल सर्व्हर नव्या लिनक्स मशीनवर हलवायचा होता. सॉफ्टवेअर क्यूमेल १.०३, म्हणजे १९९८ सालचं. मेक (सोर्स कोड कंपाइल करणारी आज्ञा) चालवलं आणि लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, गाडी अडली. लिंकर म्हणतो, लिबसीमध्ये (सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीत) एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) टीएलएस, म्हणजे थ्रेडपुरता, आहे, क्यूमेलच्याच सबस्टडीओ लायब्ररीतला संदर्भ मात्र तसा नाही.

असा मेसेज दिसला की लोक थेट लिबसी बदलायला धावतात. कृपा करून तसं करू नका, अख्खं मशीन बसेल. दोष क्यूमेलच्या एरर डॉट एच फाइलमध्ये आहे. तिथे 'एक्सटर्न इंट एररनो' अशी ओळ आहे, म्हणजे एररनो हा साधा ग्लोबल इंटिजर धरलाय. आजच्या ग्लिबसीत (लिनक्सवरच्या लिबसीत) तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो. ती ओळ काढून सिस्टिमची एररनो डॉट एच इन्क्लूड केली आणि लिंकिंग सुरळीत झालं.

पुढे जीसीसी १४ या कंपायलरने डोकं वर काढलं. आधी डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, आता एरर येते. कॉन्फ-सीसी या क्यूमेलच्या कंपायलर सेटिंगच्या फाइलमध्ये, पहिल्या ओळीत, कंपायलरला जीएनयू८९ हे सी भाषेचं जुनं स्टँडर्ड लावायला सांगितलं. ही फाइल बदलली की मेक सगळं आपोआप पुन्हा कंपाइल करतं, हे मला फार आवडतं.

नव्यानेच सुरुवात करणार असाल तर नेटक्यूमेल (दुरुस्त्या घातलेलं क्यूमेल) घ्या, त्यात एररनोची दुरुस्ती आधीच आहे.