दोन क्षेत्रांत वावरलेल्या शास्त्रज्ञाचा प्रभाव कसा अभ्यासावा

पुण्यात भौतिकशास्त्राच्या किंवा गणिताच्या पदव्युत्तर वर्गाला ‘एखाद्या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा प्रभाव’ असा चर्चासत्राचा विषय दिला, की बहुतेक विद्यार्थी गुगल स्कॉलर उघडतात आणि तेथे दिसलेला संदर्भसंख्येचा (इतर लेखांनी किती वेळा उल्लेख केला याचा) आकडा शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत मांडून मोकळे होतात. शास्त्रज्ञ एकाच विषयात रमलेला असेल, तर हे काही प्रमाणात चालून जाते. परंतु अरेषीय तरंगांच्या, म्हणजे ज्यांत परिणाम कारणाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही अशा तरंगांच्या, अभ्यासात हयात घालवून उत्तरार्धात जाणिवेच्या प्रश्नाकडे वळलेल्या अल्विन स्कॉट (१९३१–२००७) यांच्यासारख्या संशोधकाबाबत तो एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. पुढील पद्धत त्यांचेच उदाहरण घेऊन मांडली आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरावा. ‘स्कॉट’ आणि ‘सॉलिटॉन’ (आकार न बदलता पुढे जाणारा एकल तरंग) हे शब्द एकत्र शोधले, की जॉन स्कॉट रसेल हमखास आडवे येतात. १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात एक होडी अचानक थांबली आणि तिच्या पुढ्यातील पाण्याचा उंचवटा आकार न बदलता धावत सुटला, तेव्हा घोड्यावरून त्याचा पाठलाग करणारे अभियंते ते हे. म्हणून आद्याक्षरे, संस्था आणि सहलेखक पडताळून लेखांची यादी स्वतः तयार करावी. एक संध्याकाळ त्यात जाते, पण पुढचे सारे हिशेब याच यादीवर उभे राहतात.

यादी झाली, की शोध कोणाचा आणि तो इतरांपर्यंत नेला कोणी, हे वेगळे करावे. एकल तरंगाचे समीकरण कोर्टवेग आणि द व्रिस यांनी १८९५ मध्ये मांडले, ‘सॉलिटॉन’ हे नाव झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये दिले, आणि स्कॉट यांनी चू व मॅकलॉफलिन यांच्यासह १९७३ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ आढावालेखाने ही कल्पना अभियंत्यांच्या हाती दिली. आढावालेखांना संदर्भ सहसा जास्त मिळतात. त्यामुळे १९८५ मध्ये आयलबेक व लोमडाल यांच्यासह ‘फिजिका डी’ या संशोधनपत्रिकेमध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ संशोधनाची त्यांच्याशी थेट तुलना करू नये. मूळ संशोधन, आढावालेख आणि ग्रंथ असे तीन गट करणे बरे. ‘फिजिका डी’चे संस्थापक-संपादक आणि १९८१ पासून अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या अरेषीय अभ्यास केंद्राचे पहिले संचालक म्हणून त्यांनी केलेले काम मात्र कोणत्याच गटात बसत नाही, आणि माझ्या मते त्यांचा मोठा प्रभाव तेथेच आहे.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे असते. त्यांचा संदर्भ देणारे वीसेक लेख उघडून ज्या वाक्यात संदर्भ आला आहे ते वाक्य वाचावे आणि तो उल्लेख केवळ उपचाराचा आहे, लेखकाने पद्धत वापरली आहे, की त्याने मतभेद नोंदवला आहे, हे वहीत टिपावे. प्रथिनांमध्ये ऊर्जा सॉलिटॉनच्या रूपाने वाहत असावी, ही दाविदोव यांची १९७३ मधील कल्पना स्कॉट यांनी दीर्घकाळ अभ्यासली आणि १९९२ मध्ये तिचा सविस्तर आढावा घेतला; परंतु शरीराच्या तापमानात असा तरंग पुरेसा टिकतो का, यावर तीव्र वाद झाला. वादातला प्रत्येक उल्लेख मोजणीत एकानेच वाढतो, मग तो पाठिंब्याचा असो वा खंडनाचा.

जाणिवेच्या विषयात अधिक सावधगिरी लागते. १९९४ मध्ये टूसॉन येथे जाणिवेवर भरलेल्या परिषदेच्या शोधनिबंधांचे संपादन स्कॉट यांनी हॅमरॉफ व कॅसनियाक यांच्यासह केले. हॅमरॉफ मेंदूतील पुंज (क्वांटम) प्रक्रियांचे पुरस्कर्ते असल्यामुळे विद्यार्थी स्कॉट यांनाही त्याच गोटात टाकतात, आणि हे साफ चुकीचे आहे. मनाच्या आकलनासाठी पुंजयामिकीची गरज नाही, अभिजात (पुंजपूर्व) भौतिकीतील अरेषीय गतिकी पुरते, अशीच त्यांची भूमिका होती. दुसरी चूक मन म्हणजे सॉलिटॉन असे लिहिण्याची. दोन सॉलिटॉन एकमेकांतून पार होतात, तर समोरासमोर आलेल्या दोन चेता-आवेगांचा (मज्जातंतूंतून धावणाऱ्या संदेशांचा) एकमेकांवर आदळून लय होतो, कारण हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये वर्णिलेला चेता-आवेग वाटेत ऊर्जा खर्च करत जाणारा तरंग आहे. दोन्ही अरेषीय असले, तरी जात वेगळी.

हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक (एच इतक्या लेखांना प्रत्येकी किमान एच संदर्भ, असे सांगणारा आकडा) द्यायचा असल्यास द्यावा, पण तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्या संदर्भसंख्या एकाच तराजूत तोलू नयेत.

जुने लेख संगणकावर मिळाले नाहीत, तर गणेशखिंडीतील विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आणि त्याच आवारातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे ग्रंथालय येथे चौकशी करावी. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी विचारून घेतल्यास हेलपाटा वाचतो. गुगल स्कॉलर आणि स्कोपस (संदर्भ मोजणारी दुसरी माहितीसूची) यांचे आकडे जुळणार नाहीत, कारण त्यांची व्याप्ती वेगळी आहे. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तो कोठून घेतला आणि कोणत्या तारखेला पाहिला, हे लिहावे.