जर्मनीत किटाची जागा मिळेना तेव्हा

किटा म्हणजे लहान मुलांचं डे-केअर. तिथल्या यादीत नाव घातलं, महिने गेले, उत्तर नाही. अडतं बहुधा एकाच ठिकाणी: पालक फक्त किटांच्या मागे लागतात, युगेंडाम्टला (मुलांसाठीचं सरकारी कार्यालय) लेखी काही कळवतच नाहीत. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण गरज वेळेत कळवावी लागते. बर्लिनमध्ये आधी 'किटा-गुटशाइन' (जागेसाठीचं सरकारी व्हाउचर) काढायचा. अर्ज प्रवेशाच्या नऊ ते दोन महिने आधी. युगेंडाम्टला पाठवायच्या पत्रात तारीख आणि रोजचे तास स्पष्ट लिहा, पोच जपून ठेवा. किटांचे नकारही लेखीच मागा, पुढे तेच कामी येतात.

तीन वर्षांखालच्यांसाठी क्रिपे (पाळणाघर), नंतर किंडरगार्टन (बालवाडी). थोडी मुलं सांभाळणाऱ्या बाईला, टागेसमुटरला, कमी समजू नका. तिच्याकडे एका वेळी जास्तीत जास्त पाचच मुलं असतात, लहानग्याला ते मानवतं. मोठी मुलं शाळेत गेली की ऑगस्टच्या सुमारास जागा सुटतात, तेव्हा तारखेबाबत ताणू नका.

गोवराच्या लशीचा पुरावा नसेल तर प्रवेश अडतो: वर्षाच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांपासून दोन. भारतातलं लसीकरण कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवून जर्मनीतल्या पिवळ्या लसीकरण पुस्तिकेत नोंद करून घ्या.

आणि लगेच कामावर रुजू होऊ नका! मुलाला किटात हळूहळू रुळवण्याच्या 'बर्लिन पद्धतीत' पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात. चौथ्या दिवशी दाराबाहेर काही मिनिटं. मूल शिक्षिकेकडून शांत झालं नाही, तर पुन्हा थांबायचं.