नवा कॅमेरा घ्यायचाय? आधी जुन्यावरचे बिघडलेले फोटो बघा

थंडीत ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, माझ्याकडे निकॉनचा डी३२०० किंवा कॅननचा १२००डी असा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, आता मिररलेस (आरसा नसलेला) घेऊ का, कुठलं मॉडेल घेऊ. मॉडेल काय, कोणीही सांगेल. मी आधी म्हणतो बिघडलेले फोटो दाखव. चांगले नकोत, चांगले आलेत म्हणजे तिथे कॅमेऱ्याने काम केलंय ना.

तर करायचं असं. गेल्या सहा-आठ महिन्यांतले फोटो मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर उघडा, शंभर टक्के झूम करा आणि फसलेल्यांचे ढीग करा, हललेले वेगळे, फोकस चुकलेले वेगळे, दाणे आलेले (कमी उजेडात फोटो खरखरीत येतो तसे) वेगळे, पक्षी मुंगीएवढा आलेले वेगळे. प्रत्येकाची माहिती उघडून शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील केला होता) आणि लेन्स किती एमएमला होती (आकडा मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) ते बघा. एक ढीग असाही निघतो ज्यात सगळं टेक्निकली बरोबर असतं आणि फोटो तरीही कंटाळवाणा असतो, त्यावर दुकानात काही मिळत नाही, तो बाजूला ठेवा.

मुंगीएवढ्या पक्ष्यांचा ढीग आपल्याकडे सगळ्यात मोठा निघतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. लोकांना वाटतं नवीन बॉडीत (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) मेगापिक्सेल जास्त, क्रॉप करता येईल, म्हणजे कडा कापून पक्षी मोठा करता येईल. गंमत बघा, २०१२ चा डी३२०० २४ मेगापिक्सेलचा आहे आणि २०२४ चा निकॉन झेड५० टू जेमतेम २१ चा! सेन्सरचा आकारही तोच, त्यामुळे ३०० एमएमला जेवढा पक्षी जुन्यात दिसतो तेवढाच नव्यात दिसणार. ३०० वरून ६०० एमएमला गेलात तर पक्षी उंचीला दुप्पट आणि क्षेत्रफळाला चौपट, म्हणजे हे काम लेन्सचं आहे. सेकंडहँड १५०-६०० एमएमची लेन्स बघा, साधारण दोन किलोचं धूड असतं, खांद्याला झेपेल का ते आधी हातात धरून बघा.

आणि लेन्सच्याही आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, ते फुकट आहे. ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात लांबवर चरत असतात, पाणी चढायला लागलं की कडेकडेला सरकतात, आणि भरतीला बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावावर. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते तिचीही वेळ पाण्यावरच ठरते. शिवाय ऊन चढलं की खाडीवरची हवा लहरायला लागते आणि लांबचं सगळं विरघळल्यासारखं येतं, तिथे पाच लाखांची लेन्सही काही करू शकत नाही. सकाळी लवकर जा, बस.

हललेल्यांचा ढीग बहुतेक वेळा फुकटात सुटतो. उडता पक्षी १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला काढला असेल तर हलणारच, १/१००० च्या वर जा, बोटीत तर नक्कीच, आयएसओ वाढला तर वाढू दे.

दाण्यांचा ढीग म्हणजे मासुंदा तलावावरचं विसर्जन, नवरात्र, हॉलमधलं बारसं. इथे पण आधी लेन्स. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) झूम केली की एफ ५.६ ला जाते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), त्याऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे साधारण ६४० मध्ये भागतं. तेवढ्याच सेन्सरची नवी बॉडी घेऊन एवढा फरक मिळत नाही, एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेडाएवढा फायदा) मिळाला तरी पुष्कळ. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० सिरीजवाल्यांनी एक लक्षात ठेवा, या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तातली जुनी ५० एमएम १.८ डी आणलीत तर फोकस हाताने फिरवत बसाल, आतच मोटर असलेली १.८ जी घ्या, आणि घरातल्या खोल्यांच्या मानाने ३५ एमएम जास्त उपयोगी पडते. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर २०२३ पासून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाणे पुसणारं एआय डिनॉइज आलंय, जुन्या रॉ फाइल्सवरही चालतं, एकदा चालवून बघा आणि मग बोला.

आता फोकस चुकल्याचा ढीग. हा मोठा असेल तर मात्र मी स्वतःहून सांगेन की घ्या नवा. डी३२०० मध्ये फोकसचे ११ पॉइंट आहेत, तेही मध्यभागी गोळा झालेले, आणि आत्ताचे कॅनन आर१० किंवा झेड५० टू सारखे कॅमेरे पक्षी ओळखून त्याला धरून ठेवतात, फ्रेमच्या कडेकडे गेला तरी सोडत नाहीत. येऊरच्या झाडीत फांद्यांमागे बसलेला पक्षी किंवा घरात सैरावैरा पळणारं दोन वर्षांचं पोरगं, दोन्हीकडे हा फरक लगेच जाणवतो. हा बॉडीचाच गुण आहे, लेन्स बदलून येत नाही. व्हिडिओचंही तसंच, जुन्या एंट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये फोर-के नाही आणि व्हिडिओ चालू असताना फोकस मागेपुढे शोधत बसतो. पैसे घेऊन लग्नं करायची असतील तर दोन कार्ड स्लॉट हवेत, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात, कॅननच्या आर७ मध्ये आहेत, आर१० आणि झेड५० टू मध्ये एकच.

घ्यायचंच ठरलं तर हिशोब बॉडीच्या किमतीवर थांबवू नका, ॲडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला लावायचा जोड) धरा. कॅननचा ॲडॅप्टर जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सना व्यवस्थित चालवतो, निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये मोटर नाही म्हणून स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स चालतात पण जुन्या डी लेन्सचा ऑटोफोकस जातो. दुसरी बॅटरी धराच. डी३५०० एका चार्जवर कागदोपत्री १५५० फोटो देतो, या साइजच्या मिररलेसला त्यापेक्षा बरेच कमी, झेड५० टू ला तर २५० च्या आसपासच धरून चाला. लॅपटॉपवर लाइटरूमची जुनी एकदाच घेतलेली आवृत्ती असेल तर ती नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडणार नाही, तोही खर्च मांडा. हे सगळं मांडून झाल्यावर बरेच जण गप्प होतात.

आणि विकत घ्यायच्या आधी शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा, डिपॉझिट आणि आधार मागतात, देऊन टाका. दुकानात हातात धरून काही कळत नाही. त्याच जागी, त्याच वेळेला, शक्य असेल तर स्वतःचीच लेन्स लावून काढा आणि घरी येऊन तेच ढीग पुन्हा करा. सायलेंट शटरच्या (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) मोहात पडलात तर एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे येतात का आणि उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात का तेवढं बघून घ्या, नसेल जमत तर मेकॅनिकल शटरवर ठेवायचं.

घेताना ठाण्यात घ्या नाहीतर लोकलने सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात फिरा, भाव दोन्हीकडे करा, पण बिल आणि इंडियाची वॉरंटी पक्की हवी, ग्रे मार्केटचा (अधिकृत वितरकाला टाळून आणलेला) पीस दिसायला सेम आणि बिघडला की सर्व्हिस सेंटर विचारत नाही.

जुनं विकायचं असेल तर फार थांबू नका, निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, भाव उतरणीलाच आहेत. दाखवायच्या आधी लेन्समधून टॉर्च मारून फंगस (बुरशी) बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास धरतं, आणि ग्रिपचं रबर चिकट झालंय का तेही. निकॉनचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा) फोटोच्या फाइलमध्येच मिळतो, डी३२०० चं शटर एक लाखापर्यंत टेस्ट केलेलं आहे, त्यामुळे वीस-तीस हजार झाले असतील तर आकडा जाहिरातीत लिहा, घेणारा पहिला तोच विचारतो. भाव अगदीच पडलेला मिळाला तर ३५ एमएम लावून घरातच राहू द्या.