आवाज बसलाय, घशात अडकतंय? अन्ननलिका कधी आणि कशी तपासून घ्यायची

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला ओरडणारे, शाळेतले सर-मॅडम, कीर्तनकार, यांचा आवाज बसला की आधी मेडिकलमधनं चोखायच्या गोळ्या, मग ज्येष्ठमध, मग कुणीतरी सांगतं ॲसिडिटी असणार आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू, असे महिनेच्या महिने जातात. मी मिरजेला कान-नाक-घशाच्या ओपीडीत काम करते, रोज हेच बघते म्हणून लिहितेय.

चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर गोळ्या बास, स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्या. तंबाखू, मिश्री, बिडी असेल, मानेत गाठ लागत असेल, घास अडकत असेल, वजन उतरलं असेल, तर चार आठवडे पण थांबू नका.

आता लोक विचारतात, आवाज बसलाय तर अन्ननलिका कशाला बघायची? डाव्या स्वरतंतूची नस मानेतनं छातीत उतरते, हृदयातनं निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते, आणि वर येताना श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतनं येते. तिथं अन्ननलिकेच्या गाठीनं ती दबली की तो स्वरतंतू हलायचा थांबतो, आवाज फुसका होतो, पाणी पिताना ठसका लागतो. म्हणजे घसा वरून चांगला दिसला तरी दुखणं खाली असू शकतं. दुसरं म्हणजे पोटातलं ॲसिड घशापर्यंत येतं, आणि कितीतरी जणांना छातीत जळजळ अजिबात नसते. पण घसा लाल दिसला म्हणजे ॲसिडच, असंही नसतं.

डॉक्टरांना नीट सांगायचं ते हे, की आधी भाकरी अडकायला लागली आणि मग पातळ, की पहिल्यापासनं पाणी पण अडकतंय. पहिल्यात नळी अरुंद झाल्याची शंका येते, दुसऱ्यात नळीची हालचाल बिघडल्याची. बायकांनी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट न्या, लोह कमी असलेल्या काहींच्या अन्ननलिकेत वरच्या बाजूला पातळ पडदा धरतो आणि घास तिथं अडकतो.

तपासण्या वेगवेगळ्या आहेत. बेरियम पिऊन एक्स-रे काढतात, त्यात अरुंद जागा, पिशवी असली तर दिसते. ॲसिड वर येतंय का ते मोजायला नाकातनं बारीक वायर टाकून २४ तास ठेवतात. आतला भाग डोळ्यानं बघायचा आणि तपासायला छोटा तुकडा काढायचा तर दुर्बीणच लागते. काही ठिकाणी नाकातनं जाणारी बारीक दुर्बीण असते, बसल्या बसल्या होते, पण सगळीकडे नसते, आधी फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी तोंडातनंच घालतात.

तोंडातनं दुर्बीण घालायच्या आधी सहा ते आठ तास पोट रिकामं पाहिजे, चहा पण नको. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. कवळी काढून ठेवायची.

घशात कडू स्प्रे मारतात, मग गिळता येत नाही असं वाटतं, माणूस तिथंच घाबरतो. घाबरू नका, श्वास चालू असतो, फक्त घसा बधिर झालेला असतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातात प्लास्टिकची कडी देतात. हनुवटी छातीकडे घ्या, सांगितलं की एकदा गिळा, त्या एका क्षणालाच उमळ येते, आणि तिथं बाजूची सिस्टर हात धरते तो धरू द्या. पुढं गिळायचंच नाही, लाळ कडेनं वाहू द्यायची, श्वास नाकानं सावकाश. हवा सोडतात म्हणून ढेकर येतात, लाजू नका. तुकडा काढताना दुखत नाही.

झाल्यावर बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून फुप्फुसात जातं. पहिला घोट साध्या पाण्याचा. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरचं माणूस सोबत आणा. छातीत किंवा मानेत जोरात दुखलं, ताप आला, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर लगेच परत या.

निघताना तीन गोष्टी विचारा: दोन्ही स्वरतंतू हलतात का, दुर्बीण कुठवर गेली, तुकडा घेतलाय का. घेतला असेल तर रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख फाईलवर लिहून घ्या आणि त्या दिवशी या. बरं वाटलं म्हणून लोक येत नाहीत, आम्ही फोन करत बसतो.