शुद्धिस्थान आणि इंडल्जन्स: कॅथलिक शिकवण कोणत्या क्रमाने समजून घ्यावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या मराठी वाचकाची शुद्धिस्थान, म्हणजेच परगेटरी, आणि इंडल्जन्स या कॅथलिक कल्पनांशी गाठ बहुधा दोन ठिकाणी पडते. पहिले ठिकाण शाळेतल्या इतिहासाचे पुस्तक. पोपने पापमुक्तीची पत्रे विकली आणि मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला, एवढेच त्यात दोन ओळींत सांगितलेले असते. दुसरे ठिकाण म्हणजे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, चर्चच्या दफनभूमीत लोटणारी गर्दी, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या आणि कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जाणारे फादर. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या या शिकवणीचा शेवटचा भाग आहेत. तिथून सुरुवात करणाऱ्याचा गोंधळ हमखास होतो, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही शिकवण उभी राहिली तो प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून इतिहास आणि दफनभूमी काही वेळ बाजूला ठेवून आधी कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), मग शुद्धिस्थान, त्यानंतर मृतांसाठी प्रार्थना आणि सर्वांत शेवटी इंडल्जन्स, या क्रमाने जावे.

कन्फेशनपासून सुरुवात करण्याचे कारण असे की कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाचे दोन परिणाम होतात. गंभीर पापामुळे माणसाचा देवाशी असलेला संबंध तुटतो, आणि तो तसाच तुटलेला राहिला तर त्याची शिक्षा कायमची असते; पश्चात्तापाने आणि कन्फेशनमध्ये मिळणाऱ्या क्षमेने हा दोष पुसला जातो आणि ही कायमची शिक्षाही टळते. मात्र प्रत्येक पाप, अगदी क्षुल्लक असले तरी, माणसाच्या मनात चुकीच्या गोष्टीची ओढ मागे ठेवते, आणि ती ओढ या जन्मी किंवा मृत्यूनंतर धुऊन निघावी लागते. हीच मर्यादित काळाची शिक्षा. समजा, एखाद्या सोसायटीच्या खजिनदाराने सिंकिंग फंडातले पैसे उचलले, पुढे ते कबूल केले आणि सर्वसाधारण सभेने त्याला मनापासून माफ केले. माफी खरी आहे, पोलिसांत तक्रार जाणार नाही; पण फंडातला खड्डा भरायचा राहिला आहे, लोकांचा विश्वास पुन्हा मिळवायचा आहे, आणि हिशेबात हात मारण्याची जी सवय त्याला लागली ती माफीच्या ठरावाने आपोआप जात नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील १४७२वा परिच्छेद हेच सांगतो: ही शिक्षा म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ती पापाच्या स्वभावातूनच निघते. हा एक भेद पक्का झाला की पुढची निम्मी वाट सोपी होते, आणि तो निसटला तर इंडल्जन्स म्हणजे पापाची परवानगी असे वाटू लागते.

आता शुद्धिस्थान. त्याच ग्रंथाच्या १०३० ते १०३२ या तीन परिच्छेदांत चर्चची अधिकृत शिकवण संपते, आणि ती इतकी थोडक्यात आहे हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. देवाच्या कृपेत आणि मैत्रीत मरण पावलेली, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेली माणसे मृत्यूनंतर शुद्धीकरणातून जातात आणि मग स्वर्गात प्रवेश करतात. त्यांचे तारण निश्चित झालेले असते. एवढ्यावरून तीन समज दूर करावेत. शुद्धिस्थान म्हणजे सौम्य नरक नाही, कारण तिथल्या कोणाचीही अंतिम गती अनिश्चित नसते. ती दुसरी संधीही नाही. निवड मृत्यूपूर्वीच झालेली असते. आणि आपल्याकडे मुद्दाम सांगावे लागते की यात पुनर्जन्म नाही. पितृपक्षात श्राद्ध करणाऱ्या शेजाऱ्याला मृतांसाठी काही करण्याची भावना लगेच ओळखीची वाटते, आणि ती ओळख खोटी नाही. पण कॅथलिक प्रार्थनेत पिंडदान नाही, पितरांना तृप्त करणे नाही आणि फेऱ्यातून सोडवणेही नाही. आपल्या आधी गेलेल्या आणि वाट चालत असलेल्या माणसाला साथ देणे, एवढेच तिचे स्वरूप आहे.

तिथे अग्नी असतो का, किती वर्षे लागतात, ती जागा कुठे आहे, या प्रश्नांवर वेळ घालवू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑगस्ट १९९९ रोजीच्या भाषणात स्पष्ट केले की हा शब्द जागा दाखवत नाही, अस्तित्वाची एक अवस्था दाखवतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७च्या ‘स्पे साल्वी’ या पत्रात शुद्ध करणारा अग्नी म्हणजे खुद्द ख्रिस्ताची भेट, असा काही ईश्वरविद्यावेत्त्यांचा विचार मांडला आहे आणि त्या भेटीचा अवधी आपल्या घड्याळाने मोजता येत नाही असे म्हटले आहे. कुतूहलाला आवर घालण्याची ही सूचना आजची नाही. ट्रेंट येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने डिसेंबर १५६३मध्ये शुद्धिस्थान आहे आणि तिथल्या आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनेची, विशेषतः मिस्सेची (वेदीवरील मुख्य उपासना, म्हणजे मास), मदत होते एवढे ठामपणे सांगितले, आणि त्याच ठरावात बिशपांना बजावले की साध्या लोकांपुढे या विषयातील क्लिष्ट वाद मांडू नयेत आणि अंधश्रद्धा किंवा हीन कमाईचा वास येणाऱ्या गोष्टींना थारा देऊ नये.

बायबलमध्ये हे कुठे आहे, असा प्रश्न प्रोटेस्टंट मित्र विचारतोच, आणि तो योग्य आहे. आधी हातातली प्रत तपासावी. मराठीत सहज मिळणारे बायबल बहुधा ६६ पुस्तकांचे असते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, आणि या विषयाचा सर्वांत उघड उतारा त्या जास्तीच्या सात पुस्तकांपैकी एकात, म्हणजे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात. तेव्हा त्यांचा ज्यू सेनापती यहूदा मक्काबी सुमारे दोन हजार चांदीची नाणी गोळा करून त्यांच्या पापांसाठी अर्पण करण्यास जेरुसलेमला पाठवतो. त्याच्या जोडीला करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील ‘तारण होईल, पण जणू अग्नीतून’ या अर्थाचे वचन वाचावे. मात्र ‘शुद्धिस्थान’ हा शब्द बायबलमध्ये नाही हे मोकळेपणाने मान्य करावे. कॅथलिक बाजूचा आधार ही वचने आणि पहिल्या शतकांपासून चालत आलेली मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत, या दोहोंवर मिळून उभा आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप संत ऑगस्टीन आपल्या आईची, मोनिकाची, शेवटची इच्छा नोंदवतात: माझा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

याच ऑगस्टीनचे आणखी एक म्हणणे ठाणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे: हुतात्म्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याचा अवमान, उलट त्याच्या प्रार्थनेचा आधार आपण घ्यावा. ठाण्यात १३२१मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मप्रचारक आणि त्यांचे तीन सोबती ठार मारले गेले, आणि पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. या चौघांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून कोणी मिस्सा लावत नाही, कारण श्रद्धेसाठी दिलेल्या प्राणानंतर शुद्ध होण्याचे काही उरत नाही असे चर्च मानते. आपले आजोबा मात्र भला माणूस असूनही संत घोषित झालेले नसतात, आणि प्रेमापोटीसुद्धा आपण त्यांना परस्पर स्वर्गात बसवू नये. अंत्यसंस्कारानंतर ‘आता ते देवाघरी सुखात आहेत’ असे सांत्वन करण्याची रीत मला समजते, पण तिच्यामुळे मृताच्या वाट्याची प्रार्थना कमी होते हा तोटाही दिसतो.

पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) ऑफिसात मिस्सेच्या हेतूंची नोंदवही असते: तारीख, वेळ, कोणाच्या आत्म्यासाठी, कोणत्या कुटुंबाकडून आणि शेवटच्या रकान्यात अर्पणाची रक्कम. हा शेवटचा रकाना पाहून ‘म्हणजे विक्री अजून चालूच आहे’ असे म्हणणारे भेटतात. १९८३च्या चर्च कायद्यातील ९४५ ते ९५८ ही कलमे यासाठीच आहेत. ती रक्कम मिस्सेची किंमत नसून धर्मगुरूच्या चरितार्थाला आणि चर्चच्या कार्याला हातभार असतो; व्यापाराचा संशयसुद्धा येऊ नये अशी कायद्याची सक्त ताकीद आहे; आणि गरिबांच्या हेतूंसाठी काही न घेताही मिस्सा अर्पण करावी, अशी धर्मगुरूंना आग्रहाची शिफारस आहे. तेव्हा ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने संकोच न करता विचारावे.

इतके झाल्यावर इंडल्जन्सची व्याख्या अवघड राहत नाही. ज्या पापांचा दोष आधीच क्षमा झाला आहे, त्यांची उरलेली मर्यादित शिक्षा चर्चने माफ करणे म्हणजे इंडल्जन्स. ‘आधीच’ हा शब्द अधोरेखित करावा. न झालेल्या पापाची आगाऊ सूट किंवा कन्फेशनला पर्याय असे काही यात नाही. चर्चला हा अधिकार कुठून मिळतो, तर ख्रिस्ताने दिलेल्या बांधण्या-सोडण्याच्या अधिकारातून, आणि ख्रिस्ताच्या बलिदानाच्या व संतांच्या पुण्याईच्या ठेव्यातून, ज्याची मांडणी पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४३मध्ये केली. इंडल्जन्स आंशिक असते किंवा पूर्ण. ती स्वतःसाठी मिळवता येते किंवा मृतासाठी देवापुढे ठेवता येते. दुसऱ्या जिवंत माणसासाठी मात्र नाही, कारण जिवंत माणूस स्वतः पश्चात्ताप करू शकतो.

आजीच्या ट्रंकेतल्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एखाद्या छोट्या प्रार्थनेखाली ‘३०० दिवसांची इंडल्जन्स’ असे छापलेले आढळते, आणि शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी झाले असा त्याचा अर्थ घरोघरी लावला जात असे. खरे पाहता तो आकडा प्राचीन चर्चमधील जाहीर प्रायश्चित्ताच्या दिवसांचा होता: तितके दिवस उपवास आणि तप केल्याने जेवढा लाभ झाला असता तेवढा. हा घोळ इतका पसरला की पोप पॉल सहावे यांनी १ जानेवारी १९६७च्या आदेशाने दिवस-वर्षांची मोजणीच बंद केली. जुने पुस्तक जपून ठेवावे, प्रार्थना म्हणाव्यात, आकड्याकडे लक्ष देऊ नये.

आता १५१७चा, ल्यूथरच्या निषेधाचा, प्रसंग वाचायला हरकत नाही. पोप लिओ दहावे यांनी रोममधील संत पेत्राच्या बॅसिलिकेच्या बांधकामासाठी दान देणाऱ्यांना इंडल्जन्स जाहीर केली. जर्मनीत माइंट्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी पदासाठी फुग्गर पेढीकडून काढलेले कर्ज त्याच पैशांतून फेडायचे होते, म्हणजे निम्मी रक्कम रोमला आणि निम्मी सावकाराला. आणि योहान टेट्झेल हा प्रचारक गावोगाव फिरत होता. दानधर्म हे पुण्यकर्म मानणे आणि दानाची पावती म्हणजे मुक्ती असे भासवणे, यांतील अंतर तिथे पुसले गेले. शिकवण मान्य करणाऱ्यानेही याला गैरव्यवहारच म्हणावे; ट्रेंटनेही तसेच म्हटले, आणि पोप पायस पाचवे यांनी १५६७मध्ये पैशांशी जोडलेल्या सर्व इंडल्जन्स रद्द केल्या.

प्रत्यक्ष करायचे झाले तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा सर्वांत सोयीचा. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भक्तिभावाने भेट देऊन मृतांसाठी, मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केल्यास दर दिवशी एक पूर्ण इंडल्जन्स मिळते, आणि ती फक्त मृतांसाठी असते. २ नोव्हेंबरला चर्चला भेट देऊन ‘आमच्या बापा’ आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) म्हटला तरी चालते. नेरूळला किंवा घोडबंदर रोडला राहणाऱ्या ज्या माणसाचे आईवडील वसईला, गोव्यात किंवा मंगळूरला पुरलेले आहेत, त्याला तिथवर जाण्याची गरज नाही. नियमात ‘दफनभूमी’ एवढेच आहे, आपल्याच माणसाची कबर असावी अशी अट नाही. जागेच्या टंचाईमुळे मुंबईच्या बाजूला कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरल्या जातात आणि अस्थी निशमध्ये (भिंतीतल्या कोनाड्यात) हलवल्या जातात. कबर राहिली नाही म्हणून काही अडत नाही.

भेटीच्या जोडीला नेहमीच्या अटी आहेत: कन्फेशन, कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकर घेणे) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, जिच्यासाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मारिया’ पुरते. कन्फेशन भेटीच्या आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत झाले तरी चालते आणि एकच कन्फेशन अनेक इंडल्जन्सना पुरते. कम्युनियन आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी वेगळी, शक्यतो त्याच दिवशी. खरी कठीण अट शेवटची आहे: कोणत्याही पापाची, क्षुल्लक पापाचीसुद्धा, ओढ मनात नसणे. ती पूर्ण झाली की नाही हे स्वतःचे स्वतः ठरवत बसू नये. ती अपुरी राहिली तर इंडल्जन्स आंशिक ठरते, वाया जात नाही.

नोव्हेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर ‘ही प्रार्थना एकदा म्हटल्यास हजार आत्मे सुटतात’ असे संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर फिरू लागतात, आणि पाठवणाऱ्या बहुधा मावशी किंवा आत्याच असतात. इंडल्जन्स देण्याचा अधिकार पोपकडे आणि कायद्याने किंवा त्यांनी ज्यांना तो दिला आहे त्यांच्याकडेच आहे, आणि आत्म्यांची संख्या ठरवून देणारी इंडल्जन्स आजच्या अधिकृत नियमांत नाही. मावशींना ग्रुपवर चारचौघांत खोडून काढण्यापेक्षा फोन करून सांगावे की प्रार्थना चांगली आहे, तेवढी हजाराची ओळ काढून पुढे पाठवा.